साडेअठरा गाड्या आईच्या

पत्र चार पानी आहे. कामापुरतं इथे देतो.

"बाबा मुरगाव बंदरात खनिजाच्या जहाजांवर टॅलीचं, म्हणजे चढणारा माल मोजून नोंदवायचं, काम करायचे. जपानी जहाजं यायची. ओळखीचे खलाशी जाताना काही ना काही हातावर ठेवायचे. बाबांनी सिगरेटी कधी घेतल्या नाहीत, गाड्या घेतल्या. बोटभर लांबीच्या, लोखंडी. १९७१ ते १९८४ या काळातल्या अशा ३७ गाड्या आहेत. बहुतेकींचे खोके शाबूत आहेत आणि प्रत्येक खोक्यात बाबांच्या अक्षरातली चिठ्ठी टाचणीने लावलेली आहे: जहाजाचं नाव, तारीख आणि पुढे एखादाच शब्द, 'रात्रपाळी' नाहीतर 'चहा पाजला' असं काहीतरी. एका पांढऱ्या गाडीला तेवढी चिठ्ठी नाही. आम्ही दोघंच भाऊ. रविवारी आम्हाला एकेक गाडी हातात धरायला मिळायची, जमिनीवर चालवायला नाही. बाबांना जाऊन आता दोन वर्षं होतील. ट्रंक माळ्यावर होती. गेल्या पावसाळ्यानंतर उघडली तर पाचसहा गाड्यांना फोड आलेत, आत पांढरी पूड दिसते. एकीचं छप्पर चिरलंय. पुण्याचा दादा म्हणतो, सडण्यापेक्षा विकून टाकू. मडगावच्या एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याने सगळ्यांचे मिळून पंधरा हजार सांगितलेत. मला विकवत नाही. फोड आलेल्या गाड्या रंगवून घेऊ का? माझा सात वर्षांचा मुलगा त्या खेळायला मागतो, त्याला काय सांगू? आणि खरं सांगतो, बाबा गेल्यापासून मीच हॉट व्हील्सच्या छोट्या गाड्या घेत सुटलोय, फक्त स्पोर्ट्स कार. ११२ झाल्या. बायको बोलत नाही, पण मोजते. त्यात १९८२ ची एक जुनी मिळाली म्हणून बाराशे मोजले. आई काही बोलत नाही. ट्रंक खाली आणल्यापासून रोज दुपारी झाकण उघडून बघते. काय करू?"

— एक वाचक, साखळी (गोवा)

तुमच्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरं देता येतील. आधी फ्रीजवरचं चुंबक काढा आणि बाबांच्या एखाद्या गाडीच्या टपाला लावून बघा.

चिकटणार नाही. तुम्ही लोखंडी म्हणता, आपण सगळेच म्हणतो, पण या गाड्या जस्ताच्या असतात. जस्तात चारेक टक्के ॲल्युमिनियम, किंचित तांबं, किंचित मॅग्नेशियम. हे मिश्रण चारशे अंशांच्या आसपास पाण्यासारखं पातळ होतं आणि दाबाने साच्यात मारलं की दाराची फट, बॉनेटवरची रेघ, सगळं जसंच्या तसं उमटतं. डायकास्ट म्हणतात ते हेच. साचा मात्र पोलादाचा लागतो. तुमच्या बाबांनी ज्या खनिजाच्या टॅल्या केल्या ते जपानात जाऊन पोलादच व्हायचं. त्यातलं मूठभर एखाद्या खेळण्याच्या साच्यात गेलं असेल का, हा हिशेब कुणीच देऊ शकणार नाही, पण मला तो करत बसायला आवडतो.

आता फोड. जस्ताला ओल सोसत नाही, आणि मीठ मिसळलेली ओल तर मुळीच नाही. तुमची ट्रंक बंदराजवळ वास्कोच्या क्वार्टर्समध्ये किती वर्षं होती ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण बंदरावर नोकरी म्हणजे खारा वारा धरूनच चाला. नंतर साखळीचा पाऊस. रंगाखाली ओल शिरली की जस्ताची पांढरी पूड होते, पूड जागा मागते, रंग वर उचलला जातो. हे वरवरचं दुखणं आहे. गाडी कोरडी झाली की ते जिथल्या तिथे थांबतं.

छप्पर चिरलेली गाडी निराळी. तिचा आजार आतून आहे. ओतकामाच्या वेळी जस्तात शिसं गेलं, अगदी नखभर जरी, तर धातूच्या कणाकणांमधले सांधे वर्षानुवर्षं पोखरत राहतात. गाडी फुगते, वाकते, दार अडकतं आणि मग भेग पडते. ओल या सगळ्याला घाई लावते, पण मूळ दोष जन्माचा. इंग्लंडच्या १९३० च्या दशकातल्या डिंकी टॉइज याच रोगाने गेल्या, लोकांनी कपाटं उघडली तेव्हा आत चुरा होता. यावर औषध नाही. जमेची बाजू एवढीच की तो एका गाडीचा दुसरीला लागत नाही. संग्राहक तिला जस्ताची पीडा म्हणतात आणि पीडा म्हटलं की लोक आजारी गाडी घराबाहेर काढतात. तुम्ही काढू नका. तिला वेगळ्या डबीत कापसावर ठेवा, म्हणजे तुकडा पडलाच तर हरवणार नाही.

रंगवू का, म्हणून विचारलंत. नाही. फोडांसकट राहू द्या. पहिला रंग एकदा उतरला की ती गाडी १९७३ ची राहत नाही, तुम्ही ज्या दिवशी रंगवाल त्या दिवसाची होते, आणि बाजारातही तिचा भाव तिथेच बसतो. तेल लावू नका, आपल्याकडे गंजावर खोबरेल हा पहिला उपाय असतो म्हणून सांगतो. जलरंगाच्या मऊ कुंचल्याने धूळ झाडा. पाणी लावायचंच असेल तर ओला करून घट्ट पिळलेला कपडा, तोही कागदी स्टिकरपासून लांब.

डांबरगोळ्यांबद्दल मी फी भरून शिकलो आहे. म्हापशाला आमच्या जुन्या घरात कसर फार. मी माझ्या वीसेक गाड्या प्लास्टिकच्या पारदर्शक डब्यात ठेवल्या, वर साड्यांच्या कपाटातल्या चार डांबरगोळ्या टाकल्या आणि झाकण घट्ट लावून मिरगाच्या आधी निश्चिंत झालो. चवथीला डबा उघडला तेव्हा डब्याच्या आतल्या भिंती धुरकटल्या होत्या आणि तीन गाड्यांच्या काचा बोटाला चिकटत होत्या. डांबरगोळीची वाफ काही जातीच्या प्लास्टिकला विरघळवते. या गाड्यांच्या काचा आणि आतल्या सीटा प्लास्टिकच्याच असतात. त्यातली एक मी अजून ठेवली आहे, तिच्या समोरच्या काचेवर माझ्या अंगठ्याचा ठसा आहे. कापराबद्दलही मी तितकाच सावध असतो.

हे उत्तर छापून येईल तेव्हा पुरुमेंताचे, पावसाळ्याच्या बेगमीचे, दिवस असतील, घरोघरी सोलं-पापड उन्हात असतील. त्याच हिशेबाने कुणी ट्रंक अंगणात उघडी टाकेल, म्हणून आधीच सांगतो, ऊन नको. लाल रंग उन्हात सगळ्यात आधी मरतो. घरातच, पंख्याखाली, एका कोरड्या दिवशी सगळ्या गाड्या दोनचार तास मोकळ्या ठेवा. मग घट्ट झाकणाचे डबे घ्या, जेवणाचे चालतील, आणि प्रत्येकात सिलिका जेलची पुरचुंडी. निळं जेल ओल पिऊन गुलाबी होतं, केशरी जेल हिरवं होतं. घरात लहान मूल आहे तर केशरीच घ्या, निळ्यात कोबाल्टचं मीठ असतं. रंग पालटला की ओव्हनमध्ये साधारण १२० अंशांवर दोनतीन तास ठेवून परत वापरा. आपल्याकडे पावसाळ्यात दर पंधरवड्याला बघावं लागतं, मुंबईच्या लोकांनी लिहिलेलं 'सहा महिन्यांतून एकदा' विसरा. डबे माळ्यावर नकोत. कौलांखाली दिवसाची भट्टी आणि रात्रीची ओल, या दोन टोकांमध्येच जस्त थकतं. बाहेरच्या भिंतीला टेकून नकोत, जांभ्याचा चिरा ओल ओढतो. आतल्या खोलीतलं कपाट, कमरेच्या उंचीचा खण.

टाचण्या आजच्या आज काढा. पन्नास वर्षांची टाचणी गंजलेली असणारच आणि तो गंज चिठ्ठीतून खोक्यापर्यंत जातो. ओढू नका, चिठ्ठी उलटी करून टाचणीचं टोक मागून ढकला. चिकटपट्टी लावायचा मोह होईल, तो टाळा.

आता तुमच्याकडे आहे काय, ते. गाडी उलटी करा. तुम्ही पाठवलेल्या फोटोंमध्ये अकरा गाड्यांचे तळ दिसतात आणि अकराच्या अकरा टोमिका आहेत, टोमी कंपनीच्या, 'मेड इन जपान'. टोमिका १९७० मध्ये सुरू झाली. तोवर जपानी पोरांच्या हातात छोट्या गाड्या असायच्या त्या बहुतेक परदेशी बनावटीच्या, परदेशी गाड्यांच्या. टोमीने जपानच्या रस्त्यावरच्या गाड्या केल्या. पहिल्या खेपेला सहाच होत्या: ब्लूबर्ड, कोरोना, क्राउन, क्राउनचीच पोलीस गाडी, आणि दोन स्पोर्ट्स कार, टोयोटा २००० जीटी आणि फेअरलेडी झी ४३२. किंमत १८० येन. तळावर 'एस = १/६०' असं लिहिलेलं दिसेल, ते प्रमाण. प्रत्येक गाडीचं वेगळं असतं, कारण खोका ठरलेला आणि गाडी त्यात बसवायची. बस असली तर जास्त लहान, छोटी कार असली तर कमी. हॉट व्हील्सचंही तसंच, १:६४ म्हणायचं आणि मोजायचं नाही.

तुमच्या चौथ्या फोटोतली ती लांब नाकाची गाडी फेअरलेडी झी आहे. मागच्या बाजूला ४३२ असेल तर भिंग घेऊन बघा. त्या आकड्यात इंजिन लपलेलं आहे: सिलिंडरमागे ४ वॉल्व्ह, ३ कार्ब्युरेटर, २ कॅमशाफ्ट. बाबांनी रविवारी तुम्हाला हे सांगितलं असेल असं वाटत नाही, त्यांनाही ठाऊक नसेल, पण तुमच्या मुलाला सांगून बघा, तो वर्गात जाऊन सगळ्यांना सांगेल. टोयोटा २००० जीटी तुमच्या ट्रंकेत आहे की नाही ते फोटोंवरून कळत नाही. असली तर जपून. खरी गाडी यामाहाच्या मदतीने १९६७ ते १९७० या काळात जेमतेम साडेतीनशे बनली.

चिठ्ठ्यांच्या तारखा बघता १९७७ नंतर अचानक लांबोर्गिनी, लोटस, पोर्शे दिसायला लागतात, हे तुमच्या लक्षात आलं का? त्याला कारण आहे. टोमीने १९७६ मध्ये परदेशी गाड्यांची वेगळी मालिका काढली आणि त्याच सुमाराला जपानभर सुपरकारचं वेड आलं. शाळकरी पोरं कॅमेरे घेऊन रस्त्याच्या कडेला उभी राहायची, लांबोर्गिनी काउंटाशच्या आकाराचे खोडरबर विकले जायचे. ते वेड खलाशांच्या खिशातून मुरगावला उतरलं. हे एखाद्या पुस्तकातून नाही, तुमच्या बाबांच्या चिठ्ठ्यांवरून कळतं.

आणखी एक गोष्ट त्या चिठ्ठ्यांमध्ये सापडेल असा माझा अंदाज आहे. तारखा महिन्यांप्रमाणे लावून बघा. जून ते ऑगस्टच्या फार थोड्या असतील. पावसाळ्यात मांडवीच्या मुखावरचा आग्वादचा वाळूचा दांडा बार्जींना बंद व्हायचा, मांडवीतलं खनिज कुंभारजुव्याच्या कालव्यातून झुआरीत न्यावं लागायचं, कामं मंदावायची. गाड्या हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात यायच्या. मुलांनी पावसाळाभर वाट बघायची.

म्हणून किंमत विचारलीत तर दोन वेगवेगळ्या किमती आहेत. पंधरा हजारांना ३७ म्हणजे गाडीमागे चारशे रुपये. जपानात बनलेली, सत्तरच्या दशकातली, खोक्यासकटची गाडी चारशेला मागणं म्हणजे भाव सांगणं नव्हे, तुम्हाला काही माहीत आहे का ते चाचपणं. ठोक भाव सांगणाऱ्याची नजर नेहमी दोनतीन नगांवर असते. करून बघा: त्याला सांगा, फेअरलेडी, काउंटाश आणि ती बिनचिठ्ठीची पांढरी आम्ही ठेवून घेतो, उरलेल्या ३४ चे किती? चौदा हजार म्हणाला तर माणूस सरळ आहे. 'मग राहू द्या' म्हणाला तर त्याने तुम्हाला फुकटात मूल्यांकन करून दिलं, त्याला चहा पाजा. खरा भाव बघायचा तर विक्रेते मागतात तो बघू नका, जपानी लिलावांमध्ये सौदा झालेला आकडा बघा, आणि तुमच्या गाडीला फोड आहेत हे विसरू नका. खोक्याने भाव पुष्कळ वाढतो, फोडाने पुष्कळ उतरतो. नंतरच्या काळात जुन्या साच्यांच्या नव्या आवृत्त्याही निघाल्या, त्यांच्या तळावर चीन किंवा व्हिएतनाम असतं. तुमच्या गाड्यांना तो धोका नाही.

दुसरी किंमत चिठ्ठीची. जपानात फेअरलेडी कुणाकडेही असेल. 'अमुक मारू, रात्रपाळी' ही चिठ्ठी असलेली जगात एकच आहे. विकायचं ठरलंच तर चिठ्ठी गाडीबरोबर द्यायची की ठेवायची, हा खरा वाद होईल, आणि गाडीपासून चिठ्ठी तोडलीत तर दोन्हींची किंमत शून्याकडे जाते. मी तोडणार नाही. विकली तर दोन्ही जावं, राहिली तर दोन्ही राहावं.

मुलाचं सोपं आहे. सात वर्षांच्या पोराला 'बघ पण हात लावू नकोस' हे जन्मठेपेसारखं वाटतं. तुमच्या ११२ मधल्या शंभर त्याला द्या. खरंच द्या, पाकिटातून फोडून, फरशीवर. त्यांची चाकं फिरण्यासाठीच केलेली आहेत, मॅटेलने १९६८ मध्ये हॉट व्हील्स आणली तीच मुळी पट्टीवरून सुसाट सुटणारी गाडी म्हणून. खेळून खेळून त्याला गाडी कशी धरायची ते कळलं की बाबांच्या गाड्यांचा रविवार सुरू करा. एकेक. तुम्हाला मिळायची तशी.

उरलेल्या बारांविषयी. बायको मोजते म्हणजे ती अजून तुमच्या बाजूला आहे, मोजणं थांबलं की काळजी करा. मी ११२ वर हसत नाही, माझे आकडे वाईट आहेत. पण तुम्ही जे करताय त्याला संग्रह म्हणत नाहीत. दुकानात शिरायचं, स्पोर्ट्स कार दिसली की उचलायची, हे जत्रेतल्या खाज्यासारखं झालं, पुडी संपते आणि काय खाल्लं ते आठवत नाही. संग्रहाला एक धागा लागतो आणि तुमचा धागा ट्रंकेत तयार आहे. बाबांकडे जी गाडी आहे तिचीच हॉट व्हील्समधली बहीण घ्या, म्हणजे फेअरलेडीशेजारी फेअरलेडी. साच्यांमधला फरक बघायला मजा येते, अमेरिकन डोळ्याने चाक केवढं मोठं केलं आणि जपानी डोळ्याने दार कसं उघडं ठेवलं. महिन्याला एक मिळाली तरी पुष्कळ. वहिनींना यादी दाखवा, त्याच मोजत असतील तर वहीही त्यांच्याकडेच द्या.

ती १९८२ ची बाराशेवाली. तुम्ही तळाचा फोटो पाठवलाय म्हणून सांगणं भाग आहे. © च्या शेजारचं साल त्या साच्याच्या हक्काचं असतं, गाडी बनल्याचं नाही. तोच साचा तीस-चाळीस वर्षं चालतो आणि साल तेच राहतं. फोटोत खालच्या कोपऱ्यात एक इंग्रजी अक्षर आणि दोन आकडे छापलेले दिसतात. अक्षर वर्षाचं, आकडे आठवड्याचे. ही पद्धत अलीकडची. गाडी तुमच्या मुलाच्या बरोबरीची असेल. विकणाऱ्याला हे माहीत होतं की नव्हतं, मला सांगता येणार नाही. तीही मुलाला द्या, महागाची आहे हे सांगू नका.

राहिली विकण्याची गोष्ट. दादाचं मला चूक वाटत नाही. त्याने पुण्यातून फोडांचे फोटो बघितले, त्याच्या हातात ट्रंक नाही, तो नुकसान थांबवायला बघतोय. पण तुमच्या पत्रात एक चूक आहे आणि ती तुम्ही दोघं मिळून करताय. तुम्ही दोघांनी धरूनच चाललंय की गाड्या तुम्हा दोघांच्या.

आपण गोव्यात आहोत. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल, आणि त्या पिढीत कोण करत होतं, तर इथल्या कायद्याप्रमाणे नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक. घर, दागिने, बँकेतले पैसे, आणि हो, ट्रंकही. नवरा गेला तरी अर्धा वाटा बायकोचा असतोच, तो तिला वारशाने मिळत नाही, आधीपासून तिचाच असतो. मुलांमध्ये वाटायचा तो उरलेला अर्धा. म्हणजे ३७ पैकी साडेअठरा गाड्या आईच्या. उरलेल्या साडेअठरांत तुम्ही दोघं, प्रत्येकी सव्वानऊ. पाव गाडी कशी घ्यायची ते दादाला विचारा, त्याला हिशेब आवडतो असं दिसतं. जमिनीचं वगैरे काही वाटायचं असेल तर नीट वकिलाकडे जा, मी गाड्यांपुरतंच बोलतोय.

चार पानांच्या पत्रात आई दोनच वाक्यांत आहे. ती बोलत नाही, असं तुम्ही लिहिलंत. तिला कुणी विचारल्याचं मात्र लिहिलेलं नाही. मी पत्र पुन्हा वाचलं, खरंच नाही. मडगावच्या व्यापाऱ्याला विचारलंत, मला विचारलंत. रोज दुपारी झाकण उघडून बघणारं माणूस घरातच आहे. चौदा वर्षं त्या गाड्या घरी आल्या तेव्हा दार तिनेच उघडलं असणार, रात्रपाळीनंतर चहाही तिनेच टाकला असणार.

तेव्हा असं करा. या रविवारी दादाला फोनवर समोर घ्या, कॅमेरा चालू करून. ट्रंक पंख्याखाली आणा. एकेक गाडी आईच्या हातात द्या, तळाचा फोटो काढा, चिठ्ठीचा काढा, आणि ती काय म्हणते ते मुलाला वहीत लिहायला लावा, पेन्सिलने. सात वर्षांचा आहे, शुद्धलेखन चुकेल, चुकू द्या. ३७ गाड्यांना दोन रविवार लागतील, तीनही लागतील. मिरगाच्या आत संपवा. मग विकायच्या की ठेवायच्या ते तिघांनी ठरवा, साडेअठरावालीचं मत आधी.

आणि ती बिनचिठ्ठीची पांढरी गाडी सगळ्यात शेवटी हातात द्या. ती कोणत्या जहाजावरून आली, की जहाजावरून आलीच नाही, ते आईंना ठाऊक असेल असा माझा होरा आहे. कळलं तर मलाही दोन ओळी लिहा.